सरकारची सून

धक्क्यावर टेबल टाकून बसणाऱ्या त्या बाईचं लग्न झालं नव्हतं, म्हणून होडीवाल्यांनी तिचं नाव ठेवलं होतं सरकारची सून. कुणी केली नाही म्हणून शेवटी सरकारने करून घेतली, असा त्याचा अर्थ, आणि तो तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात नव्या माणसाला समजावून सांगितला जाई. खरं तर ती सरकारची कुणीच नव्हती. किनारा राखायला एक समिती नेमली होती, तिने तिला रोजावर ठेवली होती. पण जो पैसे मागतो तो सरकारचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

धक्क्यापासून होडीने थोडं आत गेलं की पाण्याखाली प्रवाळाचा लांबलचक पट्टा होता. तो बघायला लोक कुठून कुठून येत. बघायचं तर माणशी सागर शुल्क भरायचं आणि भरल्याची खूण म्हणून मनगटावर सुताची निळी पट्टी बांधून घ्यायची. त्या पैशातून प्रवाळावर पाण्यात तरंगणारे बोये बसवले होते. होडीने तिथे नांगर टाकायचा नाही, बोयाला दोर बांधून उभं राहायचं. त्याच पैशावर गस्तीची लाँच चाले, कासवांच्या अंड्यांभोवती कुंपण होई आणि या बाईचा रोज निघे. होडीवाल्यांच्या मते यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, बाकीचं सगळं समितीच्या कारकुनाच्या पोटात जात होतं. कारकुनाचं पोट पाहिलं की ते अगदीच खोटं म्हणवत नसे.

आणि पर्यटक. हॉटेलात हवा तेवढा पैसा उधळून आलेला माणूस या टेबलापाशी आला की त्याला एकदम हिशेब सुचतो. टोपी मागे सारून तो विचारतो, समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का? असा एक तरी शहाणा रोज भेटायचा. बाई मान वर करत नसे. ती पट्टी उचलायची आणि म्हणायची, "बापाचाच होता. हात पुढे करा."

लोकांना वाटे, बाई फटकळ आहे. फटकळ ती होतीच. पण ती खरं सांगत होती.

तिचा बाप जाळी विणायचा आणि मासेही मारायचा. प्रवाळाच्या मधोमध जो खोलगट भाग आहे तो त्याचा, हे सगळ्या किनाऱ्याने मानलेलं होतं. कागद नव्हता, पण तिथे दुसऱ्या कुणाचं जाळं पडत नसे. म्हाताऱ्याची दुसरी मिळकत म्हणजे एक गाठ. जाळ्याच्या काठाला, जिथे सगळा भार येतो तिथे, तो एक गाठ घालायचा. ती त्याच्या बापाने काढलेली. ओढाल तेवढी आवळत जायची, पण कुठला पदर मागे ढकलायचा हे ठाऊक असेल तर बोटाच्या एका चाळ्यात सुटायची. त्या घरात गाठ सोडवायची, कापायची नाही. गाठीला सुरी लावणारा हात करंटा, असं आजोबा म्हणायचे. सूत महाग होतं हे त्यामागचं खरं कारण, पण कंजूषपणाला धर्म म्हटलं की पोरं निमूट ऐकतात.

ही गाठ मुलाला शिकवायची, मुलीला नाही. म्हणून बापाने तिच्या धाकट्या भावाला समोर बसवलं आणि सुताची लड धरायला तिला मागे बसवलं. धाकटा रडला, पळाला, मार खाऊन परत आला. ती लड धरून बसल्या बसल्या शिकली. बापाच्या ते ध्यानात आलं तेव्हा तो रागावला नाही, त्याने जाळ्यांचा ढीगच तिच्यापुढे टाकला. फुकटचे हात कुणाला नको असतात? तेव्हापासून घरातली सगळी दुरुस्ती तिच्या अंगावर पडली आणि धाकटा बापाबरोबर होडीवर जाऊ लागला. आमचा पोरगा तयार झाला, गाठीसकट तयार झाला, असं म्हातारा चारचौघांत सांगायचा. धाकट्याला गाठ घालताना तिने कधी पाहिलं नाही, कारण घरात ते काम करायला तीच होती.

त्या कामाने तिच्या बोटांना घट्टे पडले. तिला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने कौतुकाने तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. हे मुलीचे हात आहेत की वल्ह्याच्या मुठी, असं ती बाई जाता जाता बोलून गेली, आणि ते वाक्य तिच्यापेक्षा आधी सगळ्या वस्तीत पोचलं. पुढे कुणी आलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही. ज्या घरात माणसाच्या हातांपेक्षा त्यांचा मऊपणा मोलाचा, तिथे जाऊन करायचं काय, असा तिचा हिशेब होता आणि माझ्या मते तो चुकीचा नव्हता.

मग पर्यटक आले. मासे विकण्यापेक्षा मासे दाखवण्यात जास्त मिळतं हे होडीवाल्यांना कळलं, आणि ज्याला त्याला होडी रंगवून घ्यायची घाई झाली. धाकट्याने जाळी माळ्यावर टाकली आणि होडीला काचेचा तळ बसवला. रोज तेवढ्या सगळ्या होड्या प्रवाळावर नांगर टाकायच्या आणि निघताना ओढून काढायच्या. ती एकदा भावाच्या होडीतून गेली होती. काचेतून तिने पाहिलं, तर लहानपणी बापाने दाखवलेल्या रंगीत झुडपांच्या जागी पांढऱ्या काटक्यांचा खच पडला होता. वीटभट्टीमागे तुकडे टाकतात तसा. तिने भावाला तिथेच विचारलं, तू रोज हेच दाखवतोस आणि वर पैसे घेतोस? भाऊ म्हणाला, लोकांना काय कळतंय.

म्हणून समितीने माणसं शोधायला सुरुवात केली तेव्हा ती आपणहून गेली. वस्तीतून तीच एकटी. बोये बसवायचे, शुल्क घ्यायचं इथवर लोकांनी शिव्या देत का होईना ऐकून घेतलं. पण मधला खोलगट भाग मासेमारीला बंद, असंही ठरलं. माशांची पैदास तिथेच होते म्हणून. म्हणजे नेमकं बापाचंच पाणी. म्हातारा तेव्हा तिच्या भावजयीला, धाकट्याच्या बायकोला, म्हणाला, "पैसे भरून बघायला परवानगी आणि कष्ट करून खायला बंदी. आणि त्या दारावर आमचीच पोरगी बसणार. तिला सांग, माझ्याशी बोलू नको म्हणावं."

ती त्याच खोलीत, हातभर अंतरावर उभी होती. तेव्हापासून बाप तिच्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता. जे असेल ते भावजयीमार्फत. तिला सांग पाणी तापलंय. तिला सांग वाटेतली चप्पल उचल. भावजय बिचारी दोघांच्या मध्ये टपालासारखी फिरायची आणि कंटाळली की निरोपात आपल्या पदरची दोन वाक्यं घालायची. म्हाताऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं का? नव्हतं. तळ त्याने मोडला नव्हता, मोडला होता काचवाल्या होड्यांनी, आणि शिक्षा त्याला झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी. हे तिलाही पटायचं. पण पैदास तिथेच होत होती हेही खरं होतं, आणि दोन खऱ्या गोष्टी एका घरात राहिल्या की त्यांचं कधी पटत नाही.

सुरुवातीला शुल्काची पावती कागदी होती. तीच पावती होडीवाले दहा जणांना फिरवायचे. मग सुताच्या पट्ट्या आल्या, तर त्या साध्या गाठीतून सुटायच्या आणि दुसऱ्याच्या हातावर जायच्या. कारकून तिच्यावर खेकसायला लागला. तेव्हा तिने घरची गाठ काढली. ती आवळून बांधली की पट्टी कापल्याशिवाय निघत नसे, आणि कापलेली पट्टी पुन्हा बांधण्याएवढी लांब उरत नसे. चोरी थांबली. होडीवाल्यांनी तिला तोंडावर शिव्या घातल्या, तिने त्या तितक्याच ठसक्यात परत केल्या. घरी म्हातारा म्हणाला, तिला सांग, गाठ माझी आहे, तिचंही शुल्क समितीकडून आणून दे.

काही काळ बरा गेला. बोयांमुळे नांगर थांबले, पांढऱ्या काटक्यांना कुठे कुठे रंग चढायला लागला असं गस्तवाल्याने येऊन सांगितलं. त्या दिवशी ती घरी जाताना गुणगुणत होती म्हणे. मला ते खरं वाटत नाही, पण सांगणारे सांगतात.

मग एके दिवशी तोच गस्तवाला तोंड पाडून आला. बोयांपाशी पाण्यावर निळ्या पट्ट्या तरंगताना त्याला सापडल्या होत्या, एकदा नाही, बऱ्याचदा. कुणाच्या हातातून गळल्या ते तिथल्या होड्यांच्या गर्दीत कळलं नव्हतं. त्याने त्या तिच्याकडे न आणता आधी कारकुनाकडे नेल्या होत्या. माणूस कुणाचं मीठ खातो ते अशा वेळी कळतं.

कारकुनाने तिला खोलीत बोलावलं आणि पट्ट्या टेबलावर फेकल्या. तिने एक उचलून पाहिली. कुठेही कापलेली नव्हती. सुतावर तिच्या गाठीचा पीळ तसाच उमटलेला होता, म्हणजे ती गाठ कुणीतरी अलगद सोडवली होती आणि मग ती पट्टी दुसऱ्याच्या हातावर साध्या, गचाळ गाठीने बांधली होती. म्हणून तर ती पाण्यात गळली. पलीकडच्या हॉटेलांच्या किनाऱ्यावरून कुणीतरी धक्का चुकवून माणसं नेत होतं आणि लांबून गस्तवाल्याला हातावर निळं दिसत होतं.

कारकून म्हणाला, "ही गाठ तुमच्या घराबाहेर कुणाला येत नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत. म्हणजे पट्ट्या तुम्हीच विकताय, बाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुंपणाने शेत खाल्लं असं ज्याच्याबद्दल लोक बोलायचे तो तिला चोर म्हणत होता. चोराचं नाव आणा, नाहीतर कामावरून काढतो आणि पोलिसांत देतो, असं त्याने सांगितलं. सोमवारी धक्क्यावरच्या शेडमध्ये सगळ्या होडीवाल्यांची बैठक होती, तोपर्यंतची मुदत दिली. नोकरीचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण ज्या लोकांना तिने इतकी वर्षं चोर म्हटलं, त्यांच्यासमोर स्वतः चोर ठरून धक्का उतरायचा, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

घरात गाठ येणारी माणसं तीन. ती स्वतः, बाप आणि धाकटा. बापाचे हात आता असे थरथरायचे की चहा बशीत जास्त आणि तोंडात कमी जायचा. मग राहिला धाकटा. त्याची होडी अलीकडे हॉटेलांच्या बाजूला वारंवार दिसते हेही तिने ऐकलं होतं. रविवारभर ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मान खाली घालून जेवला. भावजयीने दोनदा विचारलं, ताई, काही झालंय का? नाही, ती म्हणाली. घरात विचारलं असतं तर सगळं घरातच मिटलं असतं, असं पुढे पुष्कळ जण म्हणाले. पण चारचौघांत आळ आला तो चारचौघांतच फिटायला हवा, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. बापाचीच लेक ती. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

सोमवारी शेड माणसांनी भरली होती. सरकारच्या सुनेला सासर हाकलणार, ही बातमी आदल्या दिवशीच फुटली होती, त्यामुळे ज्यांची होडी नव्हती तेही तमाशा बघायला आले होते. कारकुनाने पट्ट्या दाखवल्या आणि तिला विचारलं, नाव?

तिने भावाला पुढे बोलावलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबांनी तुला गाठ शिकवली ना?"

तो चाचरला. मागून कुणीतरी हसलं, तशी त्याने मान ताठ केली. "शिकवली म्हणजे काय. घरची गाठ मला नाही येणार तर कुणाला येणार?"

झालं. तिला हेच हवं होतं. तिने कारकुनाचा हात ओढून घेतला, त्याच्या गुबगुबीत मनगटावर पट्टी बांधली, गाठ घातली आणि भावाला म्हणाली, "मग सोडव."

धाकटा पुढे झाला. त्याने गाठीवर बोटं फिरवली आणि वरचा पदर धरून ओढला. गाठ आवळली. त्याने दुसरा पदर ओढला. आणखी आवळली. नखं घातली, दात लावले. कारकून ओरडायला लागला, त्याचा पंजा लाल व्हायला लागला, आणि होडीवाले एकमेकांना कोपरं मारत खिदळायला लागले. जाळीवाल्याचा पोरगा आणि जाळीवाल्याची गाठ येत नाही. कुणी म्हणेल, ढोंग करत असेल, न येण्यातच त्याचा फायदा होता. पण ढोंग करणाऱ्याचे कान असे पेटत नाहीत. आणि ज्याला ती गाठ येते त्याचा हात चुकूनही त्या पदराकडे जात नाही, हे तिला पहिल्या ओढीलाच कळलं होतं. इतकी वर्षं बाप खोटं सांगत होता, भाऊ ते खोटं अंगावर घेऊन मिरवत होता, आणि आज तिने ते भर शेडमध्ये उघडं पाडलं होतं.

धाकटा हात सोडून मागे सरला. "मला नाही येत," तो म्हणाला. "कधीच आली नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. कारण कारकून मनगट चोळत लगेच म्हणाला, याला येत नाही, म्हाताऱ्याचे हात थरथरतात हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, मग राहिलं कोण? शेडभर सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. तिने भावासाठी लावलेला सापळा तिच्याच पायाला लागला होता. आता दोनच वाटा होत्या. गप्प राहून चोर व्हायचं, नाहीतर उरलेलं एकच नाव घ्यायचं. ती भावाकडे बघत होती. भाऊ हळूच मान हलवत होता, घेऊ नको म्हणून. त्या मान हलवण्यानेच तिची खात्री पटली.

"बाबा," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. धाकटा एवढंच बोलला, "म्हाताऱ्याचं नाव घेतलंस."

कारकुनाला पटलं नाही. पण त्याचा पंजा आता जांभळा पडत चालला होता आणि तो सुरी मागत होता. तिने सुरी दिली नाही. कापलंत तर माझा पुरावा जाईल, ती म्हणाली, चला घरी. मग कारकून हात छातीशी धरून पुढे, त्याच्यामागे ती, तिच्यामागे धाकटा आणि मागे सगळे होडीवाले, अशी ती वरात गल्लीतून निघाली. बायका दारात आल्या. एकीने विचारलं, साहेबांना काही चावलं का? होडीवाल्यांतला एक म्हणाला, हो, सून चावली.

घराच्या मागे, होडी लागते तिथे, पत्र्याच्या छपराखाली म्हातारा बाकावर बसला होता. समोर दोन पर्यटक, धाकट्याने बैठकीआधी आणून बसवलेले, ओल्या कपड्यांत चहा पीत होते आणि एकीचा हात म्हाताऱ्याच्या मांडीवर होता. धाकटा परत आलेल्या गिऱ्हाइकांना इथे चहाला आणायचा आणि सांगायचा, आमचे बाबा जादू करतात, बघा. म्हातारा गाठ सोडवायचा, लोक टाळ्या वाजवायचे, पट्टी धाकट्याच्या खिशात जायची. ती दिवसभर धक्क्यावर असायची, तिला कोण सांगणार? भावजयीने माणसं पाहिली आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली.

म्हाताऱ्याने तेव्हाही नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. थरथरते हात पुढे केले असते तरी पुरलं असतं. पण कारकुनाने मनगट नाकासमोर धरलं आणि म्हाताऱ्याने ती आवळून विद्रूप झालेली गाठ पाहिली. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ही कुणी ओढली?" त्याने विचारलं. म्हाताऱ्याने दोन बोटं लावली. चहाचा कप न पेलणारा तो हात सुतावर आला तसा थरथरायचा थांबला, आणि पट्टी कारकुनाच्या हातातून गळून खाली पडली. पर्यटक बाईने जादू समजून टाळ्या वाजवल्या. बाकी कुणीच वाजवत नाही हे पाहून तिने हात खाली घेतले.

म्हातारा कारकुनाला म्हणाला, "मीच सोडवतो. माझं पाणी घेतलंत, माझी गाठ माझी मी सोडवतो. करायचं ते करा." मग आतल्या दाराकडे तोंड करून भावजयीला म्हणाला, तिला सांग, जेवून घे म्हणावं.

पोरीला वाचवायला म्हाताऱ्याने गाठ सोडवली, असं सांगणारी भली माणसं वस्तीत आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्याला ती गाठ तशी बघवली नाही, एवढंच. तिलाही तसंच वाटतं, आणि ती मला खोटं कशाला सांगेल.

धाकट्याची होडी हंगामभर बोयांवर बंद झाली. म्हाताऱ्याला वय बघून ताकीद दिली. कारकुनाने तिची माफी मागितली नाही, उलट तुमच्याच घरामुळे समितीचं नाव खराब झालं, असं सुनावलं, आणि यापुढे प्लास्टिकच्या कुलपाच्या पट्ट्या मागवल्या. म्हणजे तिच्या गाठीचंही काम संपलं, फक्त नव्या पट्ट्या येईपर्यंत जुन्या चालवायच्या होत्या. घरी तिचं ताट वाढलेलं असे, पण जेवायला हाक कुणी मारत नसे. धाकटा समोरून आला तर वाट सोडून जायचा. बाजारात त्याला पोरं दोरीचे तुकडे दाखवून विचारत होती, काका, सोडवून देता का? हे तिच्या कानावर आलं होतं. भावजय निरोपही देईनाशी झाली, त्यामुळे बापाचा आवाजही बंद झाला. नावडतीचं मीठ अळणी लागतं इथवर ठीक, या घरात आता मीठच टाकायचं बंद झालं होतं.

नव्या पट्ट्या आल्या त्याच्या आदल्या सकाळी धक्क्यावर रांग होती. तिने एकामागून एक हात बांधले. पुढचा हात पुढे आला तो सुरकुतलेला, थरथरणारा. तिने वर पाहिलं. म्हातारा धुतलेला सदरा घालून रांगेत उभा होता.

"एक माणूस," तो म्हणाला. "किती?"

इतक्या वर्षांनी बाप तिच्याशी बोलला तो हे. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, इथल्या माणसाला शुल्क नाही."

"मी इथला नाही," म्हातारा म्हणाला. "पट्टी बांध."

त्याने पैसे टेबलावर ठेवले. मागचे लोक चुळबुळायला लागले होते. तिने पट्टी घेतली, त्याच्या मनगटावर गुंडाळली आणि त्याचीच गाठ त्याच्या हातावर घातली. बोटं तिचीच होती, पण ती इतकी कधी अडखळली नव्हती. म्हाताऱ्याने अंगठ्याने गाठ दाबून पाहिली. घालणाऱ्याने नीट घातली आहे की नाही, हे तो लहानपणी तिच्या प्रत्येक गाठीचं बघायचा तसंच बघितलं. मान हलवली. तिला वाटलं, आता दोन बोटं लावील आणि सोडवील, मग सगळं संपेल.

म्हाताऱ्याने खिशातून जाळ्याची सुरी काढली आणि गाठीखाली घालून पट्टी कापली. दोन तुकडे टेबलावर तिच्यासमोर ठेवले, नीट जुळवून. सुरी मिटली आणि होडीकडे न जाता वळून घराच्या वाटेला लागला. त्याचा हात तेव्हा थरथरत नव्हता.

रांगेतली पुढची बाई त्याच्याकडे बघत राहिली होती. "कोण होते हो ते आजोबा? भांडले का तुमच्याशी?"

तिने ते तुकडे ओंजळीत घेतले आणि टेबलाच्या खणात टाकले. नवी पट्टी उचलली.

"पर्यटक," ती म्हणाली. "हात पुढे करा."